चाहता, सहृदय आणि कृतीचा शेवट

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत कलाकृतीच्या ग्राहकासाठी शब्दांची उणीव नाही. रसिक, सहृदय, सामाजिक, आस्वादक, वाचक, प्रेक्षक अशी ही मालिका आहे आणि यांतील बहुतेक शब्दांमागे एखादी सैद्धान्तिक भूमिका उभी आहे. या मालिकेत 'चाहता' हा शब्द मात्र सहसा आढळत नाही. तो व्यवहारात आहे, वृत्तपत्रांत आहे, नटांच्या व गायकांच्या चरित्रांत आहे. समीक्षेत तो आलाच तर बहुधा अवहेलनेने येतो. चाहत्याचे मत हे केवळ मत असते, त्याला आस्वादाचे निवेदन किंवा मूल्यविधान म्हणता येत नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तपासणीला निमित्त झाले ते वर्गातील एका प्रसंगाचे. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने चर्चासत्रासाठी कादंबरी वा नाटक न निवडता एका जपानी ॲनिमे मालिकेच्या शेवटावर निबंध लिहिला. रेखाचित्रांना गती देऊन केलेल्या चित्रपटांना व मालिकांना जपानमध्ये 'ॲनिमे' म्हणतात, हे मला ठाऊक होते. या माध्यमाशी माझा परिचय त्यापलीकडे फारसा नव्हता. निबंधाच्या समासात मी लिहिले, 'हे चाहत्याचे मत आहे, समीक्षा नव्हे.' निबंध परत घेताना तिने विचारले, "सर, या दोहोंत फरक नेमका कोणता?" मी जे उत्तर दिले त्याने तिचे समाधान झाले नाही, पुढे माझेही झाले नाही. नंतर ती मालिका व तिच्या पाठोपाठ निघालेला चित्रपट मी उपशीर्षकांच्या आधारे पाहिला. मला जपानी येत नाही. तेव्हा पुढील विवेचन संवादांच्या भाषिक पोताविषयी काही सांगत नाही. ते कृती, तिचे चाहते आणि या दोहोंमध्ये घडलेला व्यवहार एवढ्यापुरते मर्यादित आहे.

२

हा व्यवहार समजण्यासाठी जपानमधील चाहत्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. 'उचु सेन्कान यामातो' ही अंतराळयुद्धनौकेची मालिका ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७५ या काळात दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. प्रेक्षकसंख्या कमी पडल्याने ती ठरल्यापेक्षा आधीच, २६ भागांत आटोपती घेण्यात आली. पुनःप्रक्षेपणांतून आणि तरुणांच्या चाहतामंडळांतून तिला दुसरे आयुष्य लाभले, आणि १९७७ मध्ये तिचे संकलन चित्रपटरूपाने आले तेव्हा चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. 'किदो सेन्शी गंडाम' (१९७९-८०) या मालिकेची गतही अशीच झाली. तीही ४३ भागांतच संपवण्यात आली. पण तिच्या पहिल्या चित्रपटाच्या निमित्ताने २२ फेब्रुवारी १९८१ रोजी तोक्योतील शिंजुकु येथे हजारो तरुण जमले आणि ॲनिमेच्या नव्या शतकाचा जाहीरनामा तेथे वाचण्यात आला. दरम्यान १९७८ मध्ये 'ॲनिमेज' हे मासिक निघाले होते. वाचकांची पत्रे आणि वाचकांच्या मतदानाने ठरणारे वार्षिक पुरस्कार यांना त्यात मोठे स्थान होते. त्याही आधी, डिसेंबर १९७५ मध्ये, हौशी मंडळांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांच्या विक्रीचा 'कॉमिकेट' हा मेळावा सुरू झाला. पहिल्या मेळाव्याला अवघी बत्तीस मंडळे होती, आणि आलेल्यांत मुलींची संख्या मोठी होती.

या इतिहासात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी, की येथे चाहत्याचे मत कृतीच्या आस्वादानंतर उरलेली प्रतिक्रिया म्हणून वावरत नाही. मालिका जिवंत राहते की विसरली जाते हे त्या मतावर ठरते. क्वचित तिचा शेवटही बदलतो. 'यामातो'चा ऑगस्ट १९७८ मधील दुसरा चित्रपट नायकाच्या आत्मबलिदानाने संपतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तीच कथा पुन्हा सांगितली गेली आणि नायक जिवंत राहिला. या बदलामागे बाजाराचा हिशोब किती आणि लोकांचे प्रेम किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण एकाच कथेला दोन शेवट मिळाले आणि दोन्ही अधिकृत ठरले, ही वस्तुस्थिती उरते.

दुसरी गोष्ट चाहत्याच्या सामाजिक प्रतिमेची. १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकातील सदरात अशा चाहत्यांना 'ओताकु' हे नाव उपहासाने दिले. जपानीत तो 'आपण' या अर्थाचा, काहीसे अंतर राखणारा आदरार्थी संबोधनाचा शब्द आहे. १९८९ मध्ये बालिकांच्या हत्यांच्या प्रकरणात एका तरुणाला अटक झाली आणि त्याच्या खोलीतील व्हिडिओफितींच्या राशींची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. त्यानंतर हा शब्द विकृतीचा निदर्शक बनला. आपल्याकडील अवहेलना इतकी तीव्र नाही. परंतु चाहतेपण हा आस्वादाचा रोग आहे, ही धारणा मुळात तीच आहे.

३

'निऑन जेनेसिस इव्हँगेलिअन' ही २६ भागांची मालिका ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात तोक्यो दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झाली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि 'गायनॅक्स' ही निर्मितिसंस्था. या संस्थेचा उगमच चाहत्यांत आहे. १९८१ व १९८३ साली ओसाका येथे भरलेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांसाठी ज्या विद्यार्थ्यांनी उद्घाटनाचे हौशी चलत्पट बनवले, त्यांतूनच पुढे १९८४ मध्ये 'गायनॅक्स' उभी राहिली; आन्नो त्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. निर्माता आणि चाहता यांच्यात येथे जातिभेद नाही, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

मालिकेचे बाह्य रूप परिचित साच्याचे आहे. पृथ्वीवर चाल करून येणारे 'देवदूत', त्यांच्याशी लढणारी महाकाय यंत्रसदृश शरीरे आणि ती चालवणारी चौदा वर्षांची मुले. शिंजी हा मुख्य मुलगा. त्याला टाकून गेलेला बाप त्याला परत बोलावतो तो या कामासाठी. चोवीस भागांत गुप्त संघटना, धार्मिक प्रतीके आणि मानवजातीला एकाच अस्तित्वात विलीन करण्याची एक योजना यांचे जाळे विणले जाते. प्रेक्षकाची अपेक्षा स्वाभाविकपणे उकलीची असते. मात्र शेवटच्या दोन भागांत बाह्य कथानक जवळजवळ नाहीसे होते. उरते ते शिंजीचे व इतर पात्रांचे मन: प्रश्न, उत्तरे, पडद्यावर उमटणारी अक्षरे, स्थिरचित्रे, छायाचित्रे, कच्ची रेखाटने. निर्मितीचे वेळापत्रक कोलमडले होते, आणि त्याचे व्रण या भागांवर दिसतात. अखेरीस शिंजीला आपल्या असण्याला जागा आहे असे वाटते. सर्व पात्रे त्याच्याभोवती उभी राहून टाळ्या वाजवतात, त्याचे अभिनंदन करतात, आणि मालिका संपते.

चाहत्यांत यावरून जो वाद पेटला त्याची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. 'आवडले नाही' एवढेच कोणी म्हणत नव्हते. आपली फसवणूक झाली, आपले देणे चुकवले गेले, असा सूर होता. विरुद्ध पक्षही तितकाच ठाम होता: मालिकेचा खरा विषय यंत्रे व देवदूत हा नव्हताच, तेव्हा शेवट योग्य जागीच झाला. दोन्ही पक्षांनी पुराव्यासाठी मालिकेतील क्षण क्षण पुन्हा पाहिला. १९ जुलै १९९७ रोजी 'द एंड ऑफ इव्हँगेलिअन' हा चित्रपट आला. त्यात मागणीप्रमाणे बाह्य कथानकाचा शेवट होता, आणि तो अत्यंत भीषण होता. पण त्यात आणखीही काही होते. उत्तरार्धात रेखाटलेले जग थांबते आणि प्रत्यक्ष छायाचित्रण सुरू होते. पडद्यावर चित्रपटगृहातील प्रेक्षकांनी भरलेल्या खुर्च्या दिसतात. याच भागात चाहत्यांच्या पत्रांतील आणि संगणक-संदेशांतील मजकूर झपाट्याने सरकतो. नेहमीच्या गतीने तो वाचताच येत नाही. चित्र थांबवून तो वाचणाऱ्यांना त्यात कृतज्ञता सापडली, आणि दिग्दर्शकाला ठार मारण्याची भाषाही सापडली.

आस्वादकाचे मत कृतीच्या आत शिरून तिच्या आशयाचा भाग व्हावे, याचे इतके उघडे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

४

हा चाहता सहृदय आहे काय? अभिनवगुप्ताच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे चटकन देता येईल. रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांपैकी दोन येथे सरळ लागू पडतात. प्रतीती 'माझी' किंवा 'परक्याची' अशा नियमाने देशकालात अडकून पडणे हे एक, आणि 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे, हे दुसरे. शिंजीच्या एकटेपणात स्वतःचे एकटेपण पाहणारा आणि त्याची सुटका ही आपली सुटका मानणारा प्रेक्षक साधारणीकरणापर्यंत पोहोचलेला नाही. त्याचा भाव लौकिकच राहिला आहे.

परंतु 'लोचना'तील सहृदयाची संकल्पना पूर्णपणे ध्यानात घेतली तर हे उत्तर अपुरे वाटू लागते. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि ज्याच्या ठायी वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता आहे, तो सहृदय. यातील अनुशीलनाची अट चाहता ज्या निष्ठेने पूर्ण करतो तिच्यापुढे आपल्यापैकी अनेकांनी खाली मान घालावी. माझ्या विद्यार्थिनीने आपल्या निबंधात एकाच उद्वाहन यंत्रातील दृश्याची चर्चा केली होती. दोन मुली त्यात शेजारी उभ्या आहेत, आणि बराच वेळ चित्र हालत नाही, कोणी बोलत नाही. ही निश्चलता खर्च वाचवण्याच्या जुन्या तंत्रातून आली आहे, आणि तरीही येथे ती दोघींमधील असह्य अंतराचा विभाव बनते, असे तिचे प्रतिपादन होते. निर्मितीची अडचण आणि अर्थाची निर्मिती यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने दाखवणारी वाक्ये मी प्रबंधांतून क्वचित वाचली आहेत. तन्मयतेची अट तर चाहता पूर्ण करतोच. ती तो गरजेपेक्षा अधिक पूर्ण करतो, हीच आपली तक्रार असते.

म्हणजे तीनांपैकी दोन लक्षणे, अनुशीलन आणि तन्मयीभवन, चाहत्याच्या ठायी आहेत. तिसरे, साधारणीकरण, संशयित आहे. आता याच कसोटीवर आपण स्वतःला घासून पाहिले तर? अभ्यासक्रमाने नेमलेली कृती अलिप्तपणे वाचणाऱ्या अभ्यासकापाशी 'निजसुखा'चे विघ्न नसते हे खरे. पण पुष्कळदा तन्मयताही नसते, आणि परीक्षेपुरते अनुशीलन असते. विघ्न नसणे आणि प्रतीती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराची द्विध्रुवात्मकता दाखवून दिली. स्वायत्ततेचा आणि लौकिकतेचा असे दोन्ही ध्रुव त्यांनी मानले. चाहत्याला समीक्षेबाहेर ठेवताना आपण नकळत एकाच ध्रुवावर उभे राहतो.

५

प्रश्नाची दुसरी बाजू कृतीच्या स्वरूपाची आहे. एइजी ओत्सुका यांनी १९८९ मधील आपल्या 'मोनोगातारी शोहिरोन' या ग्रंथात, म्हणजे कथेच्या उपभोगाच्या मीमांसेत, एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. चॉकलेटसोबत मिळणाऱ्या चित्रचिठ्ठ्यांच्या तुकड्यातुकड्यांतून मुले त्यांच्यामागील मोठी कथा जुळवत असत. मुले विकत घेत होती ते चॉकलेट नव्हे आणि चिठ्ठीही नव्हे. त्यांना हवे होते त्यामागील विश्व. विश्वाचे नियम एकदा हाती आले की ग्राहक स्वतःच त्यात नवी कथा रचू शकतो. हे सांगताना ओत्सुका काबुकी रंगभूमीच्या 'सेकाई' आणि 'शुको' या संज्ञा वापरतात. सेकाई म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले कथाविश्व. शुको म्हणजे त्या विश्वात नाटककाराने योजलेली नवी कल्पना.

मराठी अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटू नये. 'प्रख्यात' वस्तूवर नाट्य उभारणे, मूळ इतिवृत्त रसाला प्रतिकूल असेल तर ते बदलण्याची मुभा कवीला देणे, हे आनंदवर्धनापासून मान्य आहे. आणि मुक्तेश्वर-मोरोपंतांचे आख्यानकाव्य तर याच पायावर उभे आहे. तेव्हा चाहते मूळ मालिकेवरून स्वतःच्या कथा रचतात यात परंपरेला धक्का देणारे काही नाही. फरक मालकीचा आहे. रामकथेचे विश्व कोणा संस्थेच्या मालकीचे नव्हते. 'इव्हँगेलिअन'चे आहे, आणि म्हणूनच तेथे कथा रचणाऱ्याला आधी मत व्यक्त करावे लागते, मागणी करावी लागते.

हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये ओत्सुकांच्या पुढे जाऊन म्हटले की १९९० च्या दशकातील चाहत्याला मोठ्या कथेचीही ओढ उरलेली नाही. त्याला पात्रे हवी असतात, आणि पात्रेही केसांचा रंग, पोशाख, बोलण्याची लकब अशा सुट्या घटकांचे साठे म्हणून हवी असतात. 'इव्हँगेलिअन'च्या अखेरच्या भागात काही मिनिटे एक पर्यायी जग दिसते. तेथे शिंजी साधा शाळकरी मुलगा आहे आणि एरवी निर्विकार असणारी रेइ तेथे चटपटीत आहे. हौशी पुस्तिकांतून आधीच फिरत असलेल्या रेइच्या प्रतिमेचे हे मूळ कृतीनेच केलेले विडंबन आहे, असे आझुमा दाखवतात. त्यांचे हे निरीक्षण मार्मिक आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला पूर्णपणे पटत नाही. चाहता केवळ घटकांचा साठा उपभोगत असता तर शेवटाने तो इतका दुखावला नसता. साठ्याला शेवट नसतो. शेवट कथेलाच असतो. १९९६ मधील संताप हाच या चाहत्यांना अद्याप कथा हवी होती याचा पुरावा आहे.

हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर हा अपेक्षांच्या क्षितिजाचा भंग होता. वाचकाच्या अपेक्षा आणि नवी कृती यांतील अंतर हे याउस यांच्या मते कृतीच्या कलात्मकतेचे गमक ठरू शकते. अपेक्षा तंतोतंत पुरवणारी कृती केवळ रंजनाच्या पातळीवर उरते. या दृष्टीने चाहत्यांची संतप्त पत्रे ही ग्रहणाच्या इतिहासाची मौलिक साधने आहेत. पण येथे याउस यांची चौकट अपुरीही पडते. त्यांच्या विवेचनात क्षितिज सावकाश बदलते, आणि कृती मात्र स्थिर असते. येथे सोळा महिन्यांत कृतीनेच उत्तर दिले.

६

या उत्तराचा अर्थ काय? आन्नो यांनी प्रेक्षकांचा सूड घेतला, असे एक वाचन रूढ आहे. ते एकांगी आहे. आन्नो स्वतः चाहत्यांतून आले होते. पडद्यावरील त्या खुर्च्यांत ते स्वतःही बसलेले आहेत असे मानले पाहिजे. शिवाय त्या चित्रपटातील कथा पुन्हा पाहावी. सर्व मानव एकमेकांत विरघळून जातात, कोणी कोणाला परका उरत नाही, आणि नेमक्या या क्षणी शिंजी ते विलीन सुख नाकारतो. ज्यांच्याकडून दुखावले जाण्याची भीती आहे अशी माणसे पुन्हा असावीत, असे तो निवडतो. किनाऱ्यावर त्याच्याशेजारी असुका असते. तो तिचा गळा आवळू लागतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, तो रडतो, आणि ती किळस व्यक्त करते. सांत्वन नाही. समोरचा माणूस परका आहे, आणि तो परका असणे हीच त्याच्याशी नाते जडण्याची अट आहे.

चाहत्यांचा मजकूर पडद्यावर येतो तो या निवडीच्या संदर्भात. कृतीने आपल्यात विरघळावे, आपल्याला हवे तसेच व्हावे, ही चाहत्याची मागणी आणि मानवजातीच्या विलीनीकरणाची ती योजना यांत साम्य आहे, असे चित्रपट सुचवतो. मागितलेला शेवट दिला जातो, पण ज्या निकटतेसाठी तो मागितला होता ती दिली जात नाही. चाहत्याचे मत येथे अवमानित होत नाही. ते गंभीरपणे घेतले जाते, आणि त्याला नकार मिळतो. उपेक्षेपेक्षा हा नकार अधिक सन्मानाचा आहे.

यावरून चाहत्याच्या मताचे तीन थर वेगळे करता येतील. पहिला रुचीचा: आवडले, नावडले. दुसरा अर्थनिर्णयाचा: पुराव्याने, पुनर्वाचनाने सिद्ध केलेले वाचन. तिसरा हक्काचा: कृती अशी असावयास हवी होती, कारण ती माझी आहे. आपण पहिला थर पाहून सगळेच मत फेटाळतो. दुसरा थर हा सरळ समीक्षाच आहे. खरा प्रश्न तिसऱ्या थराचा आहे, आणि तो चाहत्यापुरता मर्यादित नाही. अमुक लेखकाने ग्रामीण जीवनाचे यथार्थ चित्रण करावयास हवे होते, तमुक कवीने आपल्या पूर्वीच्या वळणाला सोडावयास नको होते, ही आपल्या समीक्षालेखांतील विधाने याच थरातील आहेत. फक्त त्यांवर परिभाषेचे आवरण असते. चाहता आपला हक्क उघडपणे सांगतो, एवढाच काय तो फरक.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन. कृतीवर प्रेम असणे वा नसणे, यात चाहता आणि समीक्षक यांतील फरक शोधू नये. कृतीने आपली निराशा केली त्या क्षणी वाचक काय करतो, यात तो आहे. जो तेथे थांबून कृतीलाच दोषी ठरवतो तो, पदवी कोणतीही असो, आपल्या हक्काच्या थरातून बाहेर पडलेला नाही. आपली अपेक्षा काय होती, ती कोठून आली, आणि ती मोडून कृतीने कशाला जागा केली, असे जो विचारतो, तो समीक्षा करू लागला आहे. तिच्या निबंधाची शेवटची दोन पाने याच प्रश्नांवर होती. अखेरच्या टाळ्यांचा आपल्याला प्रथम आलेला राग नोंदवून, तो राग का आला याचा शोध तिने तेथे घेतला होता. माझा शेरा पहिल्या पानाच्या समासात होता. त्यापुढील पाने मी किती लक्षपूर्वक वाचली होती, याची मला आज खात्री देता येत नाही.